न वाचलेलं चौथं प्रकरण

उत्तरेचा वारा सुटला की आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागते. यंदाही लागली. ‘सुकी मासळी भाजताना सभासदांनी खिडक्या बंद ठेवाव्यात, इतरांना त्रास होतो.’ खाली सेक्रेटरींची सही. बोरीवलीत राहून मला तीस वर्षं झाली. सुकी मासळी भाजणारं घर कोणतं हे साऱ्या इमारतीला ठाऊक आहे, पण नाव घालायची हिंमत कुणात नाही. परवा मी फळ्यापाशी उभी राहून ती सूचना शेवटपर्यंत वाचली, वर आले, तवा तापवला, चार बोंबील भाजले आणि सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. साठी उलटली की माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही.

पण हा वारा आला की माझं डोकं फिरतं, ते त्या सूचनेमुळे नाही. सूचना परवाची आहे. वारा जुना आहे, शहाऐंशी सालच्या जानेवारीतला. तेव्हा मी एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, भौतिकशास्त्र घेतलं होतं, आणि मनोरीहून रोज होडीने मार्व्याला उतरून अंधेरीच्या कॉलेजात जात होते. हातात प्रबंधाची फाइल असायची, ती होडीत भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. त्या फाइलीतलं चौथं प्रकरण हा माझा आयुष्यातला एकुलता एक स्वतःचा विचार होता. बाकी सगळं मी शिकले, शिकवलं, तपासलं. विचार मात्र एकच केला.

त्या दिवसांत मनोरीची सगळी वाळू बोंबलांनी भरलेली असायची. बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणलेल्या, आमच्याकडे त्याला वलांडी म्हणतात, आणि दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवलेल्या बोंबलांच्या जोड्या. ओला बोंबील म्हणजे नुसतं पाणीच. टांगला की थेंब गळायचे, खालच्या वाळूत बारीक खड्डे पडायचे. माझी आई, म्हणजे आय, पहाटेपासून त्यात असायची. कमरेला पदर खोचलेला, हाताला खवले आणि चिकटा, तोंडाने कुणाला तरी झापणं चालूच. उजाडताना वारा डोंगराकडून यायचा, कोरडा, ओठ फाडणारा. दुपारी तो फिरून समुद्रावरून यायला लागला की आयच्या कपाळावर आठी पडायची.

आयला अक्षरओळख नव्हती. पण सुकलेल्या बोंबलाची जुडी हातात घेतली की ती सांगायची, हा कोणत्या दिवशी टांगला, वारा कुठून होता, दुपारी ऊन होतं की मळभ. शेपटी कोणत्या बाजूला वळून ताठ झाली, पाठीवर लाली आली का, कणा वाकतो की कट्ट मोडतो, यावरून. मी लहानपणी पैज लावून तिला फसवायचा प्रयत्न करायचे. दोन दिवसांचे बोंबील मिसळून द्यायचे. ती एकेक बाजूला काढायची. “यो मंगलवारचा. मंगलवारी दर्यावरशी वारा व्हता. बोंबील खोटा नाय बोलत, बाय.”

बिघडलेला बोंबीलही ती तसाच फेकत नसे. वाकवायची, वास घ्यायची, मधोमध मोडून आत बघायची, कुठे ओल राहिली ते बोटाने चाचपायची, आणि मगच खताच्या टोपलीत टाकायची. मला हे वेळ घालवणं वाटायचं. घाणच आहे, टाक की! ती म्हणायची, “फेकाचं तं फेक, पन कशाला फेकतंस तं कलाला पायजे.”

आता त्या चौथ्या प्रकरणात काय होतं ते सांगते. घाबरू नका, समीकरणं नाहीत.

पदार्थाच्या पोटात काय आहे हे शोधायचं तर कण एकमेकांवर आपटावे लागतात. जितका जोर जास्त, तितकं आतलं दिसतं. जोरासाठी मोठं यंत्र लागतं. पण काही कण इतके जड असतील की त्यांच्यासाठी मुलुंडपासून बोरीवलीपर्यंत, मधल्या डोंगराला वळसा घालून यंत्र बांधलं तरी ते दिसणार नाहीत. पृथ्वीला कंबरपट्टा घातला तरी नाहीत. मग करायचं काय? तर तेव्हा नुकतीच एक कल्पना पुढे आली होती की आपलं विश्व अगदी पहिल्या क्षणात भयंकर वेगाने फुगलं. त्या फुगण्याला इन्फ्लेशन म्हणतात. त्या क्षणी जो जोर होता तो कुठल्याही यंत्रात कधीच येणार नाही. त्या क्षणी जी बारीक थरथर झाली ती ताणली गेली, गोठली, आणि तिच्यातूनच पुढे आकाशगंगा कुठे असाव्यात आणि कुठे नसाव्यात हे ठरलं. माझं म्हणणं एवढंच होतं, की त्या क्षणी एखादा जड कण हजर असेल तर त्याचाही माग त्या थरथरीत राहिला असणार. तीन-तीन आकाशगंगांचे त्रिकोण घेऊन त्यांचा हिशेब मांडला तर आलेखात एक लाट दिसेल, आणि ती लाट त्या कणाचं वजन सांगेल. म्हणजे प्रयोग होऊन गेलेला आहे. आपण फक्त टांगलेलं वाचायचं आहे.

हे मला कॉलेजात सुचलं नाही. आयच्या हातातली जुडी बघताना सुचलं. वारा निघून गेलेला असतो, बोंबील राहतो. म्हणून मी प्रकरणाच्या पहिल्याच पानावर तो दाखला लिहिला. मनोरीचे बोंबील, त्यांच्या वळलेल्या शेपट्या, आणि त्यांवरून कालचा वारा ओळखणारी बाई. चार ओळीच होत्या. त्या लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

टायपिंग सुधाने केलं. सुधा माझी वर्गमैत्रीण, घाटकोपरला राहायची, आणि फी भरायला साकीनाक्याच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात अर्धवेळ टायपिस्टचं काम करायची. बाहेर लेथ मशीनचा किर्र आवाज, आत पत्र्याच्या खोलीत ती माझं विश्व टाइप करतेय. समीकरणांसाठी जागा सोडायची, मी नंतर काळ्या शाईने ती हाताने भरायचे. चौथं प्रकरण संपल्यावर तिने मशीनवरून हात काढले आणि बोटं मोडली.

“डोक्यावरून गेलं यार. पण झकास आहे ना! हे कुठल्या पुस्तकातलं?”

“पुस्तकातलं नाही गं. माझं आहे.”

“तुझं? मग सरांना आधी दाखवलंस ना?”

“आता दाखवेन.”

“वाट लागली,” सुधा म्हणाली. तिला आमचे सर माझ्यापेक्षा चांगले कळले होते.

सर विद्वान होते. हे सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या रागाला अर्थ उरणार नाही. अडाणी माणसावर कोण रागावतं? फळ्यावर त्यांचा खडू कधी अडत नसे. दुसऱ्याच्या गणितातली चूक ते खोलीत शिरता शिरता पकडायचे. त्यांनी मार्गदर्शक व्हायला होकार दिला तेव्हा मी आठवडाभर हवेत होते. फेब्रुवारीत मी ते प्रकरण त्यांच्या टेबलावर ठेवलं. आठ दिवसांनी त्यांनी बोलावलं. कागद मी ठेवले होते तसेच होते, टाचणी हललेली नव्हती. त्यांनी माझ्यासमोर पहिलं पान उघडलं, नजर फिरवली आणि ती त्या चार ओळींवर थांबली.

“मिस कोळी, हे काय? बोंबील?”

“दाखला आहे सर.”

“विश्वाच्या उत्पत्तीत बोंबील!” ते हसले. तोंड भरून, मोकळं हसले. “अहो, हे मोजणार कोण? तीन-तीन आकाशगंगा! विश्वाच्या बाळपणाचा जो उजेड आकाशात उरलाय, त्यातले खड्डेउंचवटेसुद्धा अजून कुणाला सापडले नाहीत, आणि तुम्ही कणाचं वजन काढताय.”

“पुढच्या पानांवर आहे सर, किती आकाशगंगा लागतील ते.”

“मुलीसारख्या आहात म्हणून सांगतो. हे काढून टाका. पहिली तीन प्रकरणं नीट आहेत. तुमच्याकडची मुलं प्रॅक्टिकलला चांगली असतात, हात चालतो त्यांचा. नोकरी लागेल. हे कशाला?”

‘तुमच्याकडची.’ या शब्दावर मी नंतर किती वर्षं चडफडले असेन! तेव्हा मात्र “बरं सर” म्हणाले. कागद उचलले. पान उलटलेलं नव्हतं हे मी बघितलं होतं, आणि तरी “बरं सर” म्हणाले. जिन्यावरून उतरताना मला एकच गोष्ट सुचत होती, की आता सुधाला अनुक्रमणिका पुन्हा टाइप करावी लागेल.

ती करायची राहून गेली. ही आमचीच चूक, माझी आणि सुधाची. चौथं प्रकरण काढलं, अनुक्रमणिकेत त्याचं नाव तसंच राहिलं. एप्रिलच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बोट ठेवलं, “हे चौथं प्रकरण कुठे आहे?” मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “मीच काढायला लावलं. त्यात मासळी वाळत घातली होती.” परीक्षक हसले. शेजारचे प्राध्यापक हसले. आणि मीही हसले. सरांचं सोडा, बाकीच्यांचंही सोडा. माझं ते हसणं मला आजही ऐकू येतं. भाताच्या पेजेत खडा लागावा तसं अजून दाताखाली येतं.

पुढे संशोधनाच्या जागेसाठी मुलाखत झाली. त्यांनी प्रबंध चाळला आणि विचारलं, “सगळं नीटनेटकं आहे. पण यात तुमचं स्वतःचं काय आहे?” माझं स्वतःचं घरी पत्र्याच्या पेटीत होतं. जागा दुसऱ्या कुणाला गेली, योग्य माणसाला गेली असेल. मी ज्युनिअर कॉलेजात लागले आणि चौतीस वर्षं मुलांना लंबकाचे प्रयोग शिकवले. प्रामाणिकपणे शिकवले, पाट्या टाकल्या नाहीत. एक नियम मी कधी मोडला नाही. कुणाचाही पेपर असो, शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, आणि शून्य द्यायचं तर का दिलं ते समासात लिहायचं. सहकारी म्हणायचे, बाई, एवढं कोण करतं? मी सांगायचे, माझी आय करायची.

आता गेल्या महिन्यातलं. माझी जुनी विद्यार्थिनी मृणाल परदेशात संशोधन करते, ती सुटीत आली होती. अंधेरीच्या एका कॉलेजात तिचं व्याख्यान होतं. “बाई, तुम्ही पहिल्या रांगेत पाहिजेत ना, प्लीज,” म्हणून फोन केला. गेले. तिने दिवे मंद केले आणि पडद्यावर एक आलेख आला.

माझी लाट.

तीन-तीन आकाशगंगांचे त्रिकोण. इन्फ्लेशनच्या वेळच्या जड कणाचा माग. विश्व हेच कण आपटायचं यंत्र, असं ती हसत म्हणाली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता जगभर यावर काम चालतं म्हणे. लाट अजून कुणाला सापडलेली नाही, पण कुणी हसत नाही. दुर्बिणी बांधताना ती शोधता येईल का याचा विचार होतो. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. शेजारच्या पोरीने विचारलं, “काकी, पाणी देऊ?” मला पाणी नको होतं. मला ते सर हवे होते, त्यांच्या टेबलासकट, तिथे, पहिल्या रांगेत. ते जाऊन बरीच वर्षं झाली, याचाही मला त्या क्षणी राग आला.

पण एक गोष्ट खटकली. मृणालच्या आलेखातली लाट पुढे पुढे बुटकी होत जात होती. पहिला उंचवटा मोठा, दुसरा लहान, तिसरा त्याहून लहान, शेवटी जवळजवळ सपाट. माझ्या आठवणीतली लाट तशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी पेटी उघडली. कागद पिवळे पडलेले, सुधाची टायपिंगची अक्षरं अजून ठसठशीत. बरोबर एक वाजता मला चूक सापडली. दोन तास. तेही मी गंजलेली, चष्मा शोधत, मधे एकदा कुकर लावून. जड कणाची थरथर विश्व ताणलं जाताना विझत जाते. मी ती जशीच्या तशी गोठवली होती. एक पद गाळलं होतं, आणि का गाळलं तेही कळलं. माझ्या डोळ्यांसमोर सुकलेला बोंबील होता. एकदा ताठ झाला की झाला. पण टांगल्यापासून ताठ होईपर्यंत तो डुलत असतो, पाणी गळतं तसा कमी कमी डुलतो, हे मी विसरले. बावीस हिवाळे त्या वाळूत काढलेली मी विसरले!

म्हणजे प्रकरण चुकलेलं होतं. कल्पना धड होती, गणित चुकलेलं. आणि तेव्हा मला जो राग आला, तसा चाळीस वर्षांत आला नव्हता. सरांना ती चूक सापडायला पाव तास पुरला असता. त्यांनी पान उलटायचं होतं फक्त. लाल पेन्सिलीने एक रेघ मारून म्हणायचं होतं, मिस कोळी, हे पद गाळलंत, घरी जा आणि दुरुस्त करून आणा. मी शिव्या खाल्ल्या असत्या आणि आणलं असतं. किंवा म्हणायचं होतं, चूक आहे, टाका. तरी चाललं असतं. मला बरोबर ठरायचं नव्हतं हो. मला चूक ठरायचंही भाग्य मिळालं नाही. वाकवून न बघता टोपलीत टाकलं त्यांनी.

अशी धुमसत मी पुढची पानं उलटत होते आणि शेवटी तो कच्चा आलेख निघाला. हाताने काढलेला, आलेखाच्या हिरव्या कागदावर. त्यावर डाग होता. आणि त्या डागाबरोबर त्या सबंध सकाळचा वारा माझ्या अंगावर आला.

शहाऐंशीच्या त्या जानेवारीचेच दिवस. आलेख पुरा झाला म्हणून मी तो घेऊन वलांडीकडे धावत गेले होते. कुणाला तरी दाखवायचा होता, आणि तिथे आयच होती. तिने हातातली जोडी दोरीवर टाकली आणि कागदाकडे वाकून बघितलं.

“यी काय गो, लाटा?”

“हो. लाटाच समज.”

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने आपलं बोट पहिल्या उंचवट्यावर टेकवलं आणि हनुवटीने खाडीच्या तोंडाकडे दाखवलं. “ती बग, खारीन शिरली का दर्याची लाट पन दमते. यी तुजी लाट दमत नाय काय?” आणि बोलता बोलता तिने बोट पुढे ओढलं, पहिल्या उंचवट्यावरून तिरकं, खाली खाली, कागदाच्या कडेपर्यंत.

तो डाग अजून आहे. बोटाएवढा रुंद, तपकिरी, पहिल्या उंचवट्याच्या माथ्यावरून निघून उतरत गेलेला. मी आज त्यावर दुरुस्त केलेल्या लाटेचे माथे पेन्सिलीने मांडले. सगळे काही त्यात बसले नाहीत. तिसरा थोडा बाहेर गेला. बाकीचे बसले.

आयला इन्फ्लेशन ठाऊक नव्हतं, कण ठाऊक नव्हते. लाट ठाऊक होती. माझ्या चौथ्या प्रकरणाला त्या काळात विचारला गेलेला तो एकच खरा प्रश्न होता, आणि तो परीक्षेच्या खोलीत नाही, वाळूत उभं राहून विचारला गेला. मी त्याला काय उत्तर दिलं ते मला स्वच्छ आठवतं. मी कागद ओढून घेतला होता. किंचाळलेच होते, “आय! तुला काय कळतंय यातलं? आधी हात पूस, वास मारतोय!” आयने हात लुगड्याला पुसला आणि पुढची जोडी उचलली. मी घरी जाऊन नव्या कागदावर दुसरा, स्वच्छ आलेख काढला. त्यातल्या लाटा शेवटपर्यंत एकाच उंचीच्या.

आय जाऊन अकरा वर्षं झाली. फळ्यावरची सूचना मी काल फाडून आणली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते गाळलेलं पद घालून सगळं गणित पुन्हा केलं. खिडक्या उघड्याच होत्या, तव्यावर बोंबील होते. कुणाला दाखवणार आता? मृणालला दाखवेन कदाचित. पण त्याने सरांवरचा राग जाणार नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. फक्त आता तो एकटा नाही. सर वाचायला शिकलेले होते आणि त्यांनी वाचलं नाही. आयने वाचलं, आणि मी तिला हात पुसायला लावला.